दोन किल्ल्यांची तिजोरी

६ एप्रिल २०२५, रविवार. हॅमिल्टन

सापडलं. अकरा वर्षं शोधत होतो ते पिस्तूल आज दुपारी एका मळक्या टॉवेलात गुंडाळलेलं पाहिलं.

सकाळी रॉसचा फोन. रॉस म्हणजे आमच्या पिस्तूल क्लबाचा सेक्रेटरी, शिवाय परवाना असलेला डीलर. मोजून बोलतो. म्हणाला, प्रमोद, उभा असशील तर बस. मॉरिन्सव्हिलचा एक जुना मेंबर रेस्ट होममध्ये चाललाय, त्याच्या मुलीनं हत्यारं माझ्याकडे आणून दिलीत आणि त्यात 'तुझं ते' आहे. पॉइंट टू टू, सेमी-ऑटोमॅटिक, जर्मन, एकोणीसशे बहात्तर.

'तुझं ते' हे सगळ्या क्लबाला पाठ आहे. पुण्यात कॉलेजात असताना दोन वर्षं मी रेंजवर टार्गेटचे कागद चिकटवायचं काम केलं. एका मेजरसाहेबांकडे हे पिस्तूल होतं. मला हातात कधी मिळालं नाही, पण आडोशाला बसून मी फक्त ऐकायचो. बाकीची पिस्तुलं भुंकायची, हे टिचकी वाजवायचं. आणि टिचकीच्या मागोमाग स्लाइड मागं जाऊन जागेवर यायची, तो एक भरीव 'चक्'. तो कानात राहिला तो राहिलाच.

कानांवरच मी पोट भरलं म्हणा ना. या देशात आलो तेव्हा खिशात फिटरचं सर्टिफिकेट आणि तोंडात मोडकं इंग्रजी. शेतकऱ्यांच्या मिल्किंग मशिनी दुरुस्त करता करता व्हॅन घेतली, मग माणसं ठेवली. पुढं पुढं तर शेतकरी नुसता फोन पंपाजवळ धरायचे आणि मी इकडून सांगायचो, कुठलं बेअरिंग जाणार आणि किती दिवसांत.

तर पिस्तूल. मूठ तडकलेली, नळीवर गंजाचे ठिपके, आतलं तेल डिंकासारखं झालेलं. स्लाइड ओढून सोडली. 'चक्' नाही, 'खस्'. स्प्रिंग थकलीय. तरी घेतलं. परमिटचे कागद रॉस बघतोय.

बायकोला, वासंतीला, बरोबर नेलं होतं, तिचीही चक्कर झाली. वाटेत तिनं तीनदा विचारलं, कुठं चाललोय. गाडीत तिला डुलकी लागते, मग मधलं विसरते.

१३ एप्रिल, रविवार

क्लबात जाऊन आलो. नववा दिवस. वासंतीच्या सोबतीला विनया आली होती, इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, नाशिकची.

इथं लिहून ठेवतो म्हणजे डोक्यात गोंधळ होणार नाही. पिस्तूल ठेवायचं तर वर्षातून बारा दिवस क्लबात हजेरी लागते. आमचं वर्ष जूनअखेर संपतं. अजून तीन दिवस हवेत. त्यात माझं लायसन्स पंधरा जुलैला संपतंय. नवं करायला ऑफिसर घरी येते, तिजोरी बघते, माझ्याशी बोलते आणि घरातल्या माणसाशी वेगळं बोलते, मी समोर नसताना. घरातलं माणूस म्हणजे वासंती. चार-सहा प्रश्न असतात. तिच्याकडून आधी घोकून घेईन.

फेब्रुवारीत फर्म विकली. कोणी विचारलं की सांगतो, कंटाळा आला. तेव्हापासून मी घरी. पुढच्या दाराला मी एक बेल बसवलीय, दार उघडलं की वाजते. वासंतीला फिरायची आवड आहे आणि इथली घरं सगळी एकसारखी, परतताना चुकायला होतं. दोनदा पोलिसांनी घरी आणून सोडली, फार सज्जन माणसं. आता बेल वाजली की मी हातातलं टाकून पळतो. रविवारचे तीन तास सोडले तर मी या घराचा वॉचमन आहे, आणि कैदीसुद्धा मीच. हे इथं लिहिलं ते ठीक. इथल्या मराठी मंडळात 'सध्या बिझी आहे' एवढंच सांगितलंय.

२७ एप्रिल, रविवार

पिस्तूल घरी आलं.

पॅसेजमधल्या कपाटात, गरम पाण्याच्या सिलिंडरशेजारी, माझी तिजोरी जमिनीला बोल्ट मारून बसवलेली आहे, आत माझं आधीचं पिस्तूल असतं. तिला दोन किल्ल्या. एक माझ्या गळ्यात असते. दुसरी कुठे ते या वहीतही लिहिणार नाही. कायदा सांगतो, दुसऱ्या कुणाच्या हाती लागता कामा नये, बायकोच्याही.

ठेवत होतो तेव्हा वासंती मागं येऊन उभी राहिली. हाताची घडी, मान थोडी बाजूला वळवलेली. मला हसू आलं. पुण्यात ती एका सहकारी बँकेत सोळा वर्षं लॉकर सेक्शनला होती. तिथं एक लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागायच्या, एक गिऱ्हाइकाची, एक बँकेची. बँकेची हिच्याकडे. आपली किल्ली फिरवायची आणि गिऱ्हाईक आत काय ठेवतंय ते न बघता असंच उभं राहायचं. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते अशीच उभी असताना. आमच्या मालकांचं पाकीट ठेवायला गेलो होतो. सही करताना मी चुकून तारखेच्या जागी नाव लिहिलं, तर म्हणाली, "नाव कळलं, आता तारीख सांगा."

विनयाला मे महिन्यापासून शनिवार-रविवारची ड्यूटी लागलीय. ती येऊ शकणार नाही. तीन दिवस कसे काढायचे ते बघू.

११ मे, रविवार

आठवडाभर साफसफाई. डिंक झालेलं तेल निघता निघत नाही. एकेक भाग पातळ तेलात भिजवतो, जुन्या टूथब्रशनं घासतो, पुसतो, परत भिजवतो. नळीचा गंज वरवरचा निघाला, आतून ती आरशासारखी आहे. म्हाताऱ्यानं जपलं होतं, शेवटची काही वर्षं सोडून. मुठीसाठी इथल्या टोटारा झाडाचं लाकूड मिळालं, एका शेतकऱ्यानं दिलेला कुंपणाचा खांब. साठ वर्षं पावसात उभा होता, वरून काळा ठिक्कर, रंधा मारल्यावर आत लालसर मधासारखा.

सकाळी नऊ ते बारा मी गॅरेजात असतो. वासंती आत टीव्ही लावून बसते. बेल वाजत नाही तोवर सगळं ठीक. दहाच्या सुमाराला पॅसेजकडून 'टक् टक्' येतं, रोज. सिलिंडरचा तांब्याचा पाइप तापला की बोलतो. यंत्र आहे, त्याची वेळ ठरलेली.

एक गोष्ट बरी नाही झाली. दुसरी किल्ली जागेवर नाही. मीच जागा बदलली असणार. सगळीकडे शोधली. शेवटी वासंतीची पर्सही बघितली, कारण चष्मा, रिमोट, सगळं तिथंच सापडतं. किल्ली नव्हती. चिठ्ठ्या होत्या, तिच्या अक्षरात. एकीवर 'आज कोणता वार ते टीव्हीवर येते.' एकीवर 'प्रमोद - नवरा. गॅरेजमध्ये असतो.' तिला पहिल्यापासून याद्या करायची सवय आहे.

स्प्रिंग अजून पोस्टानं आलेली नाही.

२ जून, सोमवार. राजाच्या वाढदिवसाची सुट्टी

आमची मुलगी सिद्धी लोअर हटहून गाडी चालवत आली, तीन दिवस राहिली. त्यामुळे शनिवार-रविवार दोन्ही दिवस क्लब झाला. दहा आणि अकरा. एकच राहिला.

सिद्धीचं आणि माझं थोडं वाजलं. तिचं म्हणणं, आईला डॉक्टरकडे नीट तपासून घ्या, मेमरी क्लिनिक असतं. मी म्हटलं, बासष्ट वय आहे, मलाही नावं आठवत नाहीत. तर म्हणाली, "बाबा, तिनं मला काल दोनदा चहा विचारला आणि दोन्ही वेळा रिकामा कप दिला. यू वर सिटिंग राइट देअर." मी तिथंच होतो हे खरं. पेपर वाचत होतो. मी तिला सांगितलं की लायसन्सची मुलाखत तीन जुलैला आहे, ती होऊ दे, मग डॉक्टर. आत्ता डॉक्टरच्या कागदावर काही आलं तर ऑफिसर विचारेल, आणि मग सगळंच अवघड. सिद्धीनं बॅग भरताना चेन जरा जोरात ओढली.

दुसऱ्या किल्लीचं रॉसला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मुलाखत झाली की कुलूपच नवं बसवीन.

१४ जून, शनिवार

स्प्रिंग आली. काळा रंग चढवायला नळी आणि स्लाइड रॉसच्या ओळखीच्या गनस्मिथकडे दिली होती, तीही आली. टोटाराची मूठ हाताला बसेस्तोवर तासत होतो. सगळं जुळवलं, तेलाचा हलका हात फिरवला, स्लाइड ओढून सोडली.

चक्.

एक्केचाळीस वर्षांनी. चार वेळा केलं. मग वासंतीला बोलावलं, ऐक म्हटलं. तिनं ऐकलं. म्हणाली, "दार नीट लागलं." अगदी बरोबर बोलली, तसाच आवाज आहे.

तिची तयारी चालू आहे. मी विचारतो, घरात हत्यार आहे, भीती वाटते का? ती म्हणते, नाही. तुमचे संबंध चांगले आहेत का? ती म्हणते, कुणाचे? मी म्हणतो, आपले. ती म्हणते, हो हो. पाचदा घेतलं. चौथ्यांदा चांगलं झालं होतं.

२२ जून, रविवार

बारावा दिवस झाला.

विनया नाही, सिद्धी नाही. मंडळातल्या कुणाला सांगायचं तर कारण सांगावं लागतं. वासंती जेवून झोपली, दुपारी ती दोन-अडीच तास गाढ झोपते. पुढचं दार मी बाहेरून डेडलॉक केलं, मागचंही. गॅसचा मेन बंद केला. पाण्याचा ग्लास उशाशी ठेवला. पावणेदोन तासांत परत आलो. इतकंच.

क्लबात नव्या पिस्तुलानं तीस फैरी झाडल्या. गंमत म्हणजे ज्या आवाजासाठी इतकी वर्षं घालवली तो ऐकताच येत नाही. कानांवर मफ घालणं सक्तीचं. आतून नुसतं कुणीतरी लांब उशीवर बुक्की मारल्यासारखं. रॉस म्हणाला, हात चांगला बसलाय तुझा. माझं लक्ष घड्याळाकडे.

परत आलो तर वासंती दाराच्या आत उभी होती, पायात जँडल्स, म्हणजे बाहेरच्या रबरी चपला, खांद्याला पर्स. दाराच्या काचेवर तिच्या बोटांचे ठसे होते, वरपासून खालपर्यंत. मी म्हटलं, अगं, मी जरा बाहेर गेलो होतो. ती म्हणाली, "सुट्टी झाली का?" मी हो म्हटलं. मग तिनं जँडल्स काढल्या.

काच पुसली. दोनदा पुसावी लागली.

३ जुलै, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

ऑफिसर दहाला यायची होती. मी साडेआठपासून वासंतीला कुठले कपडे घालावेत या विवंचनेत. आंघोळीहून आलो तर ती स्वतःच तयार. फिकी निळी सुती साडी, निऱ्या चापूनचोपून, पदराला पिन, केसांचा घट्ट अंबाडा. गेल्या वर्षात तिला साडी नेसताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, छान दिसतेस. ती म्हणाली, "इन्स्पेक्शन आहे ना." मला वाटलं, घोकून घेतलं त्याचा गुण आला.

ऑफिसर जोआन, साठीची, पांढऱ्या केसांची. 'किया ओरा' असं इथल्या रीतीनं अभिवादन करून दारातच बूट काढले. माझं बोलणं आधी झालं, सगळं सुरळीत. बारा दिवसांचं क्लबाचं पत्र बघितलं. मग म्हणाली, आता मिसेसशी बोलते, तू जरा बाहेर जा. मी गॅरेजात गेलो. गॅरेज आणि बैठकीच्या मधली भिंत म्हणजे जिबचा, प्लास्टरबोर्डाचा, पातळ तक्ता. कान माझे कसे आहेत ते वर लिहिलंच आहे.

वासंती बँकेतल्या इंग्रजीत बोलत होती, एकेक शब्द सुटा. घरात हत्यारं आहेत, काळजी वाटते का? नो मॅडम, एव्हरीथिंग इज इन ऑर्डर. मी मूठ आवळून बसलो. जोआननं विचारलं, तिजोरी कुठे आहे ते माहीत आहे? येस. आणि ती तुम्हाला उघडता येते का?

"अर्थात," वासंती म्हणाली. "मी रोज दहा वाजता उघडते. एक किल्ली गिऱ्हाइकाकडे असते, एक आमच्याकडे. चला, दाखवते."

मग पॅसेजमध्ये पावलं. आणि 'टक् टक्'.

इतका ओळखीचा आवाज आणि मी तो रोज पाइपाच्या नावावर लिहीत होतो.

"दोन नग," वासंतीचा आवाज. "एक जुना, एक त्याहून जुना. काल होते, आज आहेत. गिऱ्हाईक चांगलं आहे, पण विसराळू. किल्ली मोज्यात ठेवून गेलं होतं, म्हणून मी ताब्यात घेतली." नंतर पाहिलं, किल्ली तिनं मंगळसूत्राला सेफ्टी पिननं लावली होती, वाट्यांच्या मागं. सगळं घर उलथंपालथं केलं होतं मी, त्यात तेवढं बघायचं राहिलं होतं.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहितो, लाज वाटली तरी. मला अभिमान वाटला. सहा महिन्यांत तिनं इतकं सलग, बिनचूक काही सांगितलं नव्हतं. लायसन्स गेलं हे त्यानंतर लक्षात आलं.

जोआन गॅरेजात आली आणि माझ्या स्टुलावर बसली. रागावली नाही. म्हणाली, तुझी बायको फार काटेकोर आहे. किती दिवसांपासून असं आहे? मी म्हटलं, तसं विशेष नाही. मग तिनं विचारलं, तू क्लबात जातोस तेव्हा तिच्याजवळ कोण असतं? मी म्हटलं, असतं कुणीतरी. पंप खोटं बोलत असला की मला फोनवरूनही कळायचं. स्वतःचा आवाज तसा मी आज ऐकला. मग मी बाहेरून दार लावल्याचं सांगितलं. काचेचंही सांगितलं.

तिनं दोन वाटा सांगितल्या. किल्लीची तिजोरी काढून आकड्यांची बसव, आकडे फक्त तुला माहीत. डॉक्टरचं पत्र आण, आणि क्लबच्या दिवशी घरी कोण असतं ते लेखी दे. मग ती पुन्हा येऊन बघेल. नाहीतर हत्यारं सोड. तोवर दोन्ही पिस्तुलं रॉसच्या तिजोरीत. रॉस बारा वाजता येऊन घेऊन गेला. टोटाराच्या मुठीवरून बोट फिरवलं आणि पेटी बंद केली.

४ जुलै, शुक्रवार

सिद्धीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, ख्रिसमसला मी आणि आई किचनमध्ये बोलत होतो. ती रडत होती. तू शेजारच्या खोलीत होतास. तुला दोन घरांपलीकडचा लॉनमोअर ऐकू येतो."

मी म्हटलं, ऐकलं होतं.

"मग?"

मग काय, फर्म विकली, बेल बसवली. हे मी बोललो नाही. तिला म्हटलं, सोमवारी डॉक्टरची वेळ घेतलीय. म्हणाली, मी येते. रात्रीच निघते म्हणाली, मी सकाळी निघ म्हटलं.

आज दहा वाजता पॅसेजमधून 'टक् टक्' आलं. आणि पाठोपाठ असा आवाज की मी धावत गेलो. तिजोरी सताड उघडी, रिकामी. वासंती खाली बसलेली, दोन्ही हात आत घालून कोपरे चाचपतेय. "माझ्या ताब्यात होतं," एवढंच म्हणत होती. "सोळा वर्षांत कधी नाही झालं. माझ्या ताब्यात होतं." मी सांगितलं, गिऱ्हाइकानंच काढून नेलं, माझ्यासमोर. तिनं विचारलं, सही घेतली का? नव्हती घेतली. दुपारपर्यंत ती जेवली नाही.

७ जुलै, सोमवार

डॉक्टर झाले. रक्त, स्कॅन, मग मेमरी क्लिनिक. आजाराचं नाव त्यांनी अजून लिहिलं नाही, पण तोंडानं सांगितलं. सिद्धीनं वासंतीचा हात धरला होता. मी भिंतीवरचं पोस्टर वाचत होतो, पाठ झालं.

संध्याकाळी रॉसकडे गेलो, सिद्धी घरी होती. तो म्हणाला, आकड्यांची तिजोरी एक आहे माझ्याकडे, उद्या बसवून देतो, जोआन मानेल, रविवारचं बघू काहीतरी, माझी बायको येऊन बसेल. मनापासून म्हणाला. मी होच म्हणणार होतो. पिस्तूल समोर होतं, स्लाइड ओढून सोडली, चक्.

मग डोळ्यांसमोर आलं की उद्या दहा वाजता ती मंगळसूत्राची पिन काढून त्या आकड्यांच्या दारासमोर उभी राहील आणि किल्ली घालायला भोकच नसेल. रोज दहा वाजता. ती शोधेल. काचेवर वाट शोधली तशी.

रॉसला म्हटलं, क्लबाच्या नावावर घे. नवीन येणाऱ्यांना शिकायला दे. मूठ माझ्या हाताची आहे, ज्याला बसेल त्याला बसेल. जोआनला पत्र लिहिलं की नूतनीकरण नको.

बाहेर धुकं इतकं होतं की गाडी पहिल्याच गिअरमध्ये आणली. काय वाटलं ते सांगता येत नाही. दार आतून लागल्यासारखं वाटलं, आणि लावणारा मीच.

१४ जुलै, सोमवार

सिद्धी काल परत गेली. बुधवारपासून एक बाई रोज तीन तास येणार. सिद्धीनंच ठरवलं. बेल मी काढली नाही. बाहेरचं डेडलॉक मात्र काढलं.

आठवडाभर रोज दहाला वासंती रिकामी तिजोरी उघडायची आणि तशीच बसायची. शुक्रवारी मला सुचलं. पावणेदहालाच मी माझी किल्ली घेऊन पॅसेजमध्ये उभा राहिलो. शर्ट इस्त्रीचा. म्हटलं, मॅडम, मला लॉकरमध्ये एक वस्तू ठेवायची आहे. ती उठली, पदर नसताना खांद्यावरून हात फिरवला, म्हणाली, रजिस्टरमध्ये सही करा. रजिस्टर म्हणून शाळेची वही ठेवलीय. नाव विचारलं. मी सांगितलं. म्हणाली, "आडनावही लागतं." आणि अशी हसली की चौतीस वर्षं मागं गेल्यासारखं झालं. ती गंमत करत होती की खरंच विचारत होती, मला कळलं नाही. विचारलंही नाही.

आत काय ठेवायचं हा प्रश्न होता. ही वही ठेवली. आता ती रोज दहाला काढायची आणि लिहून परत ठेवायची. घरात दुसरीकडे लिहायची सोय राहिलेली नाही, कारण वही तिच्या ताब्यात असते आणि नियम कडक आहेत.

पॅसेजमध्ये स्टूल आणून त्यावर बसून हे लिहितोय. ती शेजारी उभी आहे, हाताची घडी, मान बाजूला वळवलेली, मी काय लिहितोय ते बघत नाही. दोनदा घड्याळ बघून झालंय. आत्ता म्हणाली, आटपा, मागं लोक खोळंबलेत.

मागं कुणी नाही. पण आटपतो.